आक्काच्या लग्नाची कॅसेट

आमच्या घरात बोलायला आवाज लागत नसे. खासबागेतल्या त्या घराच्या पुढच्या सोप्यात चार पॉवरलूम होते. ते चालू असताना कानाशी तोंड नेऊन ओरडले तरी ऐकणाऱ्याला फक्त श्वासाची ऊब कळे. म्हणून आम्ही ओठांनी बोलत असू. शब्द आवाज न काढता, जरा सावकाश, तोंड पुरते उघडून उच्चारायचा. समोरच्याने तो पाहायचा. हे कोणी शिकवले नाही. गल्लीत घरोघरी माग होते आणि पोर चालायला लागण्याच्या सुमारास ओठ वाचायलाही लागे. या रीतीचे दोन नियम होते, तेही कोणी सांगितलेले नव्हते. पाठ फिरवलेल्या माणसाला काही बोलले तर ते न बोलल्यात जमा. आणि एखादी गोष्ट ऐकायची नसेल, तर कानावर हात ठेवून उपयोग नसे. मान खाली घालून कापडाकडे पाहत राहावे लागे. घरातली भांडणे बहुधा अशीच संपत. कोणीतरी कापडाकडे पाहू लागे.

आई मी लहान असताना गेली. तिचा आवाज मला आठवत नाही, ओठ आठवतात. तिच्यामागे आक्काने घर चालवले. थोरला भाऊ, त्याला आम्ही अण्णा म्हणत असू, तो मस्कतला एका कंपनीच्या गोदामात नोकरीला गेला आणि घरात वडील, म्हणजे आप्पा, आक्का व मी असे तिघे उरलो. दोन माग आप्पांचे, दोन माझे. आक्का कोपऱ्यातल्या चाकावर धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरी, मध्येच उठून आत जाई, भाकऱ्या थापी, पुन्हा चाकावर येऊन बसे. ती भाकरी थापत असताना तो आवाज आम्हाला ऐकू येत नसे, पण काटवटीचा हादरा फरशीतून पायाला कळे. तो थांबला की आप्पा पहिला माग बंद करीत. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, उसळ किंवा पातळ आमटी. जेवताना बोलण्याची पद्धत नव्हती. हात आणि तोंड गुंतलेले, आणि डोळे ताटात.

बाहेरचे लोक आप्पांना घुमे समजत. आवाजाने ते दिवसाकाठी मोजके बोलत, तेही सूतवाल्याशी. पण माग चालू झाले की वेगळे होत. मागाच्या खांबाला पाठ टेकून ते कोपऱ्यातल्या आक्काशी तासन् तास बोलत. कोणाच्या घरी काय झाले, सूत कसे आले आहे, त्यांच्या लहानपणी हातमागावर काय विणत, एखादी थट्टा. आक्का हसे तेही बिनआवाजाचे, खांदे हलत. हे सारे मी माझ्या जागेवरून पाहत असे. माझ्याशी ते बोलत ते कामापुरते. "दोन नंबरची कांडी संपली." "धोट्याला तेल लाव." त्यात राग नसे, बाकीही काही नसे. अमावास्येला माग बंद असत. त्या दिवशी घरात शांतता होई आणि आम्हा तिघांना काय करावे ते सुचत नसे. आवाज काढून बोलण्याची आप्पांना लाज वाटे की काय, न कळे. ते अमावास्येला बोलतच नसत.

आक्काचे लग्न इचलकरंजीला ठरले. मुलाच्या घरीही माग होते. घरात टीव्ही आणि व्हीसीआर होता, हे मध्यस्थाने दोनदा सांगितले. अण्णाचा फोन सूतवाल्याच्या पेढीवर येई. निरोप आला की धावत जायचे आणि पुन्हा वाजण्याची वाट पाहायची. त्या फोनवर अण्णाने दोन गोष्टी सांगितल्या.

"वश्या, लग्नाला व्हिडिओ क्यामेरा घिऊन येतोय. हितं दोन तऱ्हेचे हाईत, मोठ्या कॅसेटीचा आनि छोट्या कॅसेटीचा. कुठला आणू त्ये तू बघून सांग. तूच चालवणार हाईस."

"आनि दुसरं?"

"दुसरं म्हंजे जाताना तुला संगट न्हेणार. हितं गोदामात जागा हाय. पासपोर्टाचं बघतो मी. आप्पांना मीच सांगतो, तू गप ऱ्हा."

मी गप्प राहिलो. मला जायचे होते. किती जायचे होते ते कोणाला सांगितले नाही, कारण विचारणारे कोणी नव्हते. सकाळी पट्टा मोटरीवर चढवताना मी मनात म्हणत असे की हे दिवस संपणार आहेत. आक्का गेल्यावर त्या सोप्यात मी आणि आप्पा असे दोघेच समोरासमोर उभे राहणार, हे चित्र डोळ्यांपुढे आले की मला पाणी नकोसे होई. मस्कत कसे आहे याची मला कल्पना नव्हती. तिथे माग नाहीत एवढे पुरे होते.

कॅमेऱ्याविषयी विचारायला मी निपाणीला गेलो. अण्णाचा शाळेतला मित्र गजानन तिथे लग्नांचे शूटिंग करी आणि त्याच्याकडे दोन्ही प्रकार होते. तवंदीचा घाट उतरला की गाडीत तंबाखूचा वास शिरतो आणि नवखा माणूस शिंकू लागतो. गजाचा स्टुडिओ एका तंबाखूच्या वखारीच्या माडीवर होता. मी जिना चढेपर्यंत डोळ्यांतून पाणी वाहू लागले होते.

"शिंक, शिंक, लाजू नगंस," गजा म्हणाला. "निपाणीतल्या सगळ्या लग्नांत शिंका हाईत. मंगलाष्टकं चालल्यात आनि मागनं फाट् फाट्. म्हणून तर गाणी घालतो."

त्याने दोन्ही कॅमेरे टेबलावर मांडले. मोठा खांद्यावर ठेवायचा, लहान मुलाएवढा जड. छोटा तळहातावर मावणारा.

"ही मोठी कॅसेट, व्हीएचएस. व्हीसीआर हाय त्या कुठल्याबी घरात लागती. चित्र बरं असतं, पर एडिटिंग करताना एका कॅसेटीवरनं दुसरीवर उतरवलं की फिकं पडतं. हिचा गुण म्हंजे आवाज. आवाजाची पट्टी कडंला येगळी असती. चित्राला हात न लावता आवाज तेवढा पुसायचा आनि वर पायजे ते गाणं घालायचं. आनि ही छोटी, एट एमएम. चित्र लई स्वच्छ. कॉपी केली तरी टिकतं. पर हिच्यात आवाज चित्रातच मुरलेला असतो, दुधात साखर विरघळल्यागत. नुसता आवाज पुसता येत न्हाय. आनि ही बघायची तर क्यामेराच टीव्हीला जोडाय पायजे. हिचं मशीन हिकडं कुणाकडं हाय?"

"तू काय वापरतोस?"

"माझं सोड. मी धंदेवाला. गिऱ्हाइकाच्या घरात लागती तीच माझी कॅसेट. तुला कशाला पायजे, त्याचा इचार कर."

परतीच्या गाडीत मी विचार केला आणि छोटी ठरवली. मी स्वतः एडिटिंग करणार होतो, आणि एका कॅसेटवरून दुसरीवर उतरवताना आक्काचा चेहरा फिका पडावा हे मला मान्य नव्हते. आवाज पुसता येत नाही याची मला अडचण वाटली नाही. आमच्या घरात आवाजाचे महत्त्व ते काय.

दुसऱ्या दिवशी जेवताना, पद्धत मोडून, मी विषय काढला. दोन्ही कॅसेटी समजावल्या. आप्पांनी भाकरीचा तुकडा चटणीत फिरवत ऐकले.

"इचलकरंजीत लागंल काय ती धाकली?"

"न्हाय. क्यामेरा जोडावा लागतो."

"क्यामेरा कुठं असंल?"

"हितं. न्हायतर अण्णासंगं मस्कतला."

"मंग तिनं बघायचं कशात? परातीत?"

आक्का वाकून आमटी वाढत होती. तिचे खांदे हलले. "माझं लगीन मला दिसूं दे की रं, वसंता," ती म्हणाली. "तोंड जरा फिकं पडलं तर पडूं दे. न्हाईतरी मी कुठं एवढी गोरी हाय."

मोठी कॅसेट ठरली. मी पेढीवर जाऊन फोनची वाट पाहिली आणि अण्णाला तसे कळवले.

आता दोन्ही कॅसेटी मेल्या. मोठीही लागत नाही, छोटीही लागत नाही. गल्लीतली पोरे फोन उभा धरून लग्ने टिपतात आणि मांडवातून निघण्याआधी ती सर्वांना पोचलेली असतात. मी त्यांना कोणता फॉर्मॅट असे विचारले, तर ती मला चहा घेणार का असे विचारतात. पण त्या जेवणात आप्पांनी विचारलेला प्रश्न बरोबर होता असे मला आजही वाटते. वस्तू कशी आहे हे मी पाहिले होते. ती कोणाच्या घरी जाणार आहे हे त्यांनी पाहिले.

अण्णा आला. कॅमेरा आला, काळ्या पेटीत, अत्तराच्या बाटल्या आणि बदामाच्या पुड्यांशेजारी. लग्नाआधी मी हात बसवण्यासाठी माग चालू असताना थोडे चित्रण केले. कॅमेऱ्याच्या नळीत डोळा घातला की आत एक काळेपांढरे चित्र दिसे, बोटाच्या पेराएवढे. त्यात आप्पा म्हणजे एक करडा ठिपका आणि त्याच्यापुढे हलणारी पांढरी रेघ. ओठ दिसत नसत. मी बोलत्या घरात बहिरा झाल्यासारखे मला वाटले.

लग्न आमच्याच गल्लीत झाले. मांडव, हॅलोजनचे दिवे, बँड. जेवणात मांडे होते. कढईच्या पाठीवर मांडा टाकणाऱ्या बाईंचे हात मी बराच वेळ चित्रित केले आणि अण्णाने मला नवरीकडे ढकलले. पंगतीत खव्याचा कुंदा दोनदा फिरला. आवाज एवढा होता की त्या दिवशी माग बंद असूनही सारी गल्ली ओठांनीच बोलत होती. इचलकरंजीचे वऱ्हाडही तसेच बोलत होते. मागवाल्यांचे लग्न पाहणाऱ्या परक्या माणसाला वाटावे की इथे सर्वजण मनातल्या मनात जप करीत आहेत.

निघायची वेळ झाली. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती आणि बँडवाल्यांनी शेवटचा जोर लावला होता. बायका आक्काला घेऊन सोप्यात आल्या. आप्पा बाहेर आले नव्हते. ते आत, एक नंबरच्या मागाशेजारी, त्याच्या चौकटीवर हात ठेवून उभे होते. आक्का उंबऱ्याशी थांबली, वळली आणि त्यांच्याकडे पाहू लागली. मी भिंतीला टेकून चित्रण करीत होतो. ती काहीतरी बोलली हे मला नळीतून कळले. मी कॅमेरा आप्पांकडे वळवला. तेही बोलले. मग ती उंबरा ओलांडून गेली आणि बायकांमध्ये दिसेनाशी झाली. मी लगेच तिच्यामागे जायला हवे होते, गजाने तसे बजावले होते की नवरीवरून कॅमेरा हलवायचा नाही. पण गर्दीने वाट अडली होती, आणि तेवढा वेळ कॅमेरा आप्पांवरच राहिला.

लग्नानंतर अण्णाने माझा विषय काढला. आप्पा मागाला तेल घालीत होते.

"वसंताला न्हेतो म्हंतोय संगट. चांगली जागा हाय."

"बघू," आप्पा म्हणाले.

"बघू म्हंजे? मला तिकडं कळवाय पायजे."

"बघू म्हटलं न्हवं."

ते तेलाची बुधली घेऊन पुढच्या मागाकडे वळले. अण्णा माझ्याकडे बघून डोळे मिचकावून म्हणाला, "न्हाय म्हटलं न्हाय म्हंजे झालंच म्हण." मी सुटकेस कोणती न्यायची याचा विचार करू लागलो.

आक्काला पहिल्यांदा माहेरी आणायला जाताना कॅसेट न्यायची होती. अण्णाने आणलेला एक व्हीसीआर आणि व्हिडिओ लायब्ररीतून टीव्हीसह भाड्याने घेतलेला दुसरा, असे दोन मी मागच्या खोलीत मांडले. एकात मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी. हवा तो भाग आला की कोऱ्याचे बटण दाबायचे, नको तो आला की थांबवायचे. प्रत्येक जोडावर चित्र एकदा थरथरे. स्वयंपाकघर शेजारीच होते. चूल थंड. भाकऱ्या शेजारच्या शेवंताकाकू पाठवीत आणि फडक्यात गुंडाळलेल्या त्या भाकऱ्या दुपारपर्यंत तशाच राहत. पायाला हादरा लागत नव्हता, म्हणून भूक केव्हा लागली ते कळत नव्हते. पुढे आप्पा एकटे चारही माग चालवीत होते. मी मदतीला उठलो तर त्यांनी ओठांनी सांगितले, "तुझं कर."

मागाच्या आवाजात टीव्हीचा आवाज ऐकू येणे शक्य नव्हते. मी तो बंदच ठेवला. नाहीतरी गाणीच घालायची होती. अण्णाने गाण्यांची कॅसेटही निवडून ठेवली होती. आणि मोठ्या पडद्यावर, रंगांत, लोक बोलू लागले. नळीतून जे ठिपके दिसले होते त्यांना ओठ होते. वराची मावशी शेजारणीला सांगत होती, मुलगी उंचीला कमी आहे. एक पाहुणा म्हणत होता, भात कच्चा आहे. अण्णा भटजींना लवकर आटपा म्हणत होता. हे सर्व कापायचे तर लग्नच उरले नसते. मी हसत हसत पुढे गेलो आणि सोप्यातल्या त्या प्रसंगाशी आलो.

आक्का उंबऱ्यावर वळली. तिचे ओठ स्पष्ट दिसत होते. "आप्पा, वसंताला अडवू नगासा."

कॅमेरा वळला. आप्पांची हनुवटी एकदा हलली. "न्हाय अडवत."

ती वळली आणि गेली. तिची पाठ फिरल्यानंतर, कोणाकडेही न पाहता, आप्पांचे ओठ पुन्हा हलले. शब्द घाईने उच्चारलेले नव्हते. मागावर उभे राहून सांगतात तसे, सावकाश, तोंड पुरते उघडून ते म्हणाले होते, "मंग मी बोलू कुणासंगं?"

मी कॅसेट मागे नेऊन पुन्हा पाहिले. आणखी एकदा पाहिले. मग उठून पाणी प्यालो. दारातून पुढच्या सोप्यातली त्यांची पाठ दिसत होती. ते तीन नंबरकडून चार नंबरकडे जात होते. ते वाक्य कोणाला सांगितलेले नव्हते. आमच्या नियमाने ते बोललेच गेले नव्हते. ते माझ्यासमोर होते ते केवळ गर्दीने वाट अडवली म्हणून.

मी तो प्रसंग कॉपीत घेतला नाही. आक्का उंबऱ्यापर्यंत येते आणि पुढच्या क्षणी गाडीत बसते, असा जोड दिला. मग कॉपीवरचा आवाज पुसून अण्णाची गाणी भरली. मूळ कॅसेटच्या पाठीचा प्लास्टिकचा तुकडा स्क्रू-ड्रायव्हरने मोडून टाकला. तो मोडला की तिच्यावर चुकूनही दुसरे काही भरले जात नाही.

अमावास्येला दुपारी माग बंद असताना सोप्यात टीव्ही ठेवला आणि गल्ली पाहायला जमली. बायका पुढे, पोरे मागांवर चढून, पुरुष दारात. आप्पा भिंतीकडेच्या बाकड्यावर बसले. गाणे सुरू झाले, गणपतीचे चित्र आले, अण्णाने अभिमानाने सर्वांकडे पाहिले. आवाज पुसला म्हणजे बोलणे पुसले, असे आम्ही दोघे धरून चाललो होतो. मी तर ओठ वाचूनही तेच धरले होते. पाहणारे कोण आहेत हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. वराची मावशी पडद्यावर आली आणि शेवंताकाकूंनी गुडघ्यावर थाप मारली.

"अगं बया! बुटकी म्हणाली आमच्या पोरीला! सोताच्या उंचीकडं बघ म्हणावं, उखळागत!"

"काकू, गाणं ऐका की," अण्णा म्हणाला.

"गाणं ऱ्हाऊं दे तुझं. ह्यो बघ, ह्यो कोण रं, मिशीवाला? भात कच्चा म्हंतोय. आनि तिसऱ्यांदा घ्यालाय मुडदा!"

"शेवंता, तू काय म्हणालीयास त्ये बघ की," दारातून कोणी ओरडले. पडद्यावर शेवंताकाकू स्वतः पंगतीत बसून शेजारणीला काही सांगत होत्या. साऱ्या सोप्याने ते एकदम वाचले आणि हशा उसळला. पिशवीत मांडे घालण्याविषयी ते होते. काकूंनी पदर तोंडावर घेतला.

"हे असंच पाठवणार व्हय रं तिच्या सासरी?" त्या पदराआडून म्हणाल्या. "तीबी मागवालीच माणसं. पालथी पडतील एकमेकांवर!"

अण्णाने माझ्याकडे पाहिले, मी आप्पांकडे. अमावास्येला न बोलणारे आप्पा आवाज काढून म्हणाले, "पाठीव. त्येंनी बोललंय, त्येंनीच बघूं दे."

पुन्हा हशा झाला. असा हशा त्या सोप्यात मी आधी ऐकला नव्हता. ऐकू येईल अशी सोयच नव्हती. आणि त्या हशातच आक्का पडद्यावर उंबऱ्याशी आली. चित्र थरथरले. ती गाडीत बसलेली दिसली. बायका गंभीर झाल्या, कोणी नाक ओढले. सर्वांचे डोळे टीव्हीवर होते. आप्पांचे नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळ्यांच्या डोक्यांवरून, त्यांनी आवाज न काढता विचारले, "कापलंस?"

मी होकाराची मान हलवली.

मग त्यांनी तोंड टीव्हीकडे वळवले. त्यांना कळले की मी वाचले आहे, आणि मला कळले की त्यांना कळले आहे. यावर आम्ही त्यानंतर कधी बोललो नाही. ते जिवंत असेतो नाही.

आक्का अजून इचलकरंजीत आहे. तिला आता मुळीच ऐकू येत नाही. रविवारी आम्ही व्हिडिओ कॉल करतो आणि ओठांनी बोलतो. तिच्या सुनेला आधी वाटायचे की फोन बिघडला आहे. ती मध्येच येऊन म्हणे, "मामा, तुमचा आवाज येईना झालाय." मग आक्काचे खांदे हलत. मधल्या काळात तिच्या मुलीने मूळ कॅसेट कोल्हापुरात कुठेतरी नेऊन, तिच्यावरची बुरशी काढून, एका बोटभर वस्तूवर उतरवून आणली. चित्र पुष्कळ गेले आहे. बँडचा आवाज शाबूत आहे. आक्काने ती पाहण्याची इच्छा दाखवली नाही, आणि तिची पाठ फिरल्यावर काय बोलले गेले ते मी तिला सांगितलेले नाही. जे तिला सांगितलेले नव्हते ते पोचवणे माझे काम नाही. माग केव्हाच भंगारात गेले. सोप्यात मी खुर्ची टाकून बसतो. गल्लीत ओठ वाचणारे आता चार-दोन असतील. ते समोरून आले तर आम्ही आवाजानेच बोलतो.

त्या अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी माग सुरू झाले. कोपऱ्यातले कांड्यांचे चाक रिकामे होते. कांड्या आम्ही आदल्या दिवशीच भरून ठेवल्या होत्या. अण्णा आत बांधाबांध करीत होता. आप्पा त्यांच्या दोन मागांमध्ये, मी माझ्या दोन मागांमध्ये, समोरासमोर. बराच वेळ आम्ही काम केले. मग त्यांनी खांबाला पाठ टेकली, जशी ते आक्काशी बोलताना टेकत, आणि माझी नजर वर येण्याची वाट पाहिली. ती आली.

"जा तू," ते म्हणाले. "अण्णासंगं जा. माझी काय अडचण न्हाय."

शब्द स्पष्ट होते. सोप्यात उजेड चांगला होता. मला जायचे होते, त्या क्षणीही, आणि त्यांनी वाट मोकळी करून दिली होती. ते माझ्या उत्तराची वाट पाहत उभे राहिले.

मी मान खाली घातली. माग थांबवला, कापडावर वाकलो आणि तुटलेला तार शोधू लागलो. आप्पा समोरून पाहत होते. मागापाशी जन्म गेलेला माणूस. कुठलाही तार तुटलेला नव्हता हे त्यांना तिथूनही दिसत होते.